खिळ्याचा डाग

चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये, हे ताईला धंद्याने शिकवलं होतं. व्हायोलिनच्या पोटात, फटीतून वाकून पाहिलं की दिसेल अशा जागी, बनवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असते. ती कोणीही छापतं, चहाच्या पाण्यात बुडवून जुनी करतं आणि डकवून मोकळं होतं. बाबा गेल्यावर त्यांच्या नावाच्या इतक्या चिठ्ठ्या बाजारात आल्या, की तेवढी व्हायोलिनं करायला बाबांना दोन जन्म आणि चार हात लागले असते.

बाबांची खरी खूण ताईला माहीत होती. वरच्या फळीच्या आतल्या अंगाला मोहरीएवढा एक काळा डाग असायचा, तापवलेल्या खिळ्याने दिलेला. फळी उघडल्याशिवाय तिथे नजर पोचत नाही. नाहीतर मग दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा फटीतून आत सरकवावा लागतो. ताई शाळेत असल्यापासून बाबांशेजारी बसून दुरुस्तीला आलेली व्हायोलिनं उघडायला शिकली. उघडलं, की डाग. पुढचं उघडलं, की डाग. जागा दर वेळी निराळी, पण डाग असायचाच. बाबांना विचारायची सोय नव्हती. 'सरस तापला का' आणि 'दिवा जरा इकडे कर' एवढ्या दोन वाक्यांवर त्या माणसाने अख्खा संसार रेटला होता. डाग म्हणजे बाबांची सही, हे ताईने आपलं आपणच ताडलं, आणि ताडल्याचा तिला फार अभिमान होता.

पुढे शहरातल्या मोठ्या सभागृहाने एक खोली फक्त बाबांच्या वाद्यांसाठी ठेवायचं ठरवलं. खरं कुठलं, खोटं कुठलं, हे सांगणार कोण? अर्थात ताई. लोक व्हायोलिन घेऊन दुकानात यायचे. ती आरसा आत घालायची, बारका दिवा धरायची आणि एकतर 'आहे' म्हणायची नाहीतर 'नाही'. ज्यांचं 'आहे' निघायचं, त्यांना ती डाग दाखवायची आणि बजावायची, की कोणाला सांगू नका. म्हणजे सगळ्यांना कळणार हे ठरलंच. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब तर पाहुणे आले की चहाच्या आधी आरसा आणायचे. ज्यांचं 'नाही' निघायचं ते पडलेल्या चेहऱ्याने पेटी बंद करायचे. ताईला वाईट वाटायचं, पण इलाज नव्हता. न्याय तो न्याय.

हा न्याय एके दिवशी घरातच करायची वेळ आली.

ताईचा धाकटा भाऊ सभागृहाच्या वाद्यवृंदात वाजवायचा. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर केस औषधालाही नाहीत, तरी सगळे त्याला बाळच म्हणायचे. त्याच्याकडे बाबांनी दिलेलं व्हायोलिन होतं. त्याचा आवाज असा, की मागच्या रांगेतले लोकसुद्धा पुढे वाकून ऐकायचे. इतक्या वर्षांत ते एकदाही उघडावं लागलं नव्हतं. तारा बदलल्या, तारांखालची घोडी बदलली, बस. सभागृहाच्या व्यवस्थापकांनी सांगितलं, की तुमचंही त्या खोलीत ठेवू, फक्त तेवढा बहिणीचा दाखला आणा. बाळ हसत हसत दुकानात आला. औपचारिकताच होती.

ताईने आरसा आत घातला. एका फटीतून पाहिलं, दुसऱ्या फटीतून पाहिलं. दिवा बदलून पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"डाग नाही. आणि आत कोपऱ्यातल्या ठोकळ्याला निळा रंग आहे. रंगवलेलं लाकूड बाबांनी आत घातलं असतं? कुठल्यातरी कारखान्यात मोडक्या सामानातून जोडलंय हे."

"ताई, बाबांनी स्वतः माझ्या हातात दिलंय."

"दिलंय ना. नाही कोण म्हणतंय? दिलं म्हणजे केलं असं थोडंच आहे?"

"परत एकदा बघ."

"बघितलं. तुझ्यासाठी वेगळा नियम लावला तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू?"

बाळने व्हायोलिन पेटीत ठेवलं, वर फडकं नीट पसरलं आणि पेटीच्या कड्या एकेक करून लावल्या. "मला लहानपणापासून वाटायचं," तो म्हणाला, "की तुझं व्हायोलिन त्यांनी स्वतः केलं आणि मला कुठूनतरी आणून दिलं. वाटायचं, पण खात्री नव्हती. आज तू शिक्का मारून दिलास. बरं झालं."

तो गेला तो गेलाच. रविवारी आईला भेटायला यायचा, ते बंद झालं. आता ताई घरात नसेल अशी वेळ हेरून यायचा आणि आईच्या पायाशी दोन घटका बसून जायचा. वाद्यवृंदात कोणीतरी त्याला 'काय रे, बाजारातलं कसं वाजतंय आज' असं गमतीत विचारलं, आणि बाळ त्या माणसाशेजारची खुर्ची सोडून मागे जाऊन बसला. हे ताईच्या कानावर आलं तेव्हा तिला दिवसभर काही सुचलं नाही. पण डाग नव्हता, तो नव्हता. ती तरी काय करणार?

आईला दोघांनीही भांडणाचं कारण सांगितलं नव्हतं. बाळला सांगायची लाज वाटली. आणि ताईने विचार केला, की तुझ्या नवऱ्याने मुलाला बाजारातलं वाद्य दिलं, हे या वयात तिला कशाला ऐकवायचं? शिवाय आईला दुकानातलं काय कळतं, असाही एक हिशेब होताच. आईचे गुडघे धरलेले, त्यामुळे ती वरच्या मजल्यावरून खाली उतरायची नाही. दुकानाशी तिचा संबंध म्हणजे जिन्यातून वर येणारा सरसाचा वास. आईने मात्र दोघांनाही सारखंच धारेवर धरलं. "एवढी वाढलीत दोघं, अक्कल तेवढी राहिली," असं ती भिंतीकडे बघून म्हणायची, म्हणजे जो समोर असेल त्याला लागू पडायचं.

वर्ष असंच गेलं. मग बँकेतल्या साहेबांच्या व्हायोलिनला तडा गेला.

साहेब पेटी अशी घेऊन आले, जणू आत माणूस आजारी आहे. ताईने पातळ सुरी सांध्यात घालून सरस सोडवला आणि वरची फळी अलगद उचलली. तडा आरपार गेला होता, आणि गेला होता नेमका डागावरून. एवढी मोठी फळी पडलेली, तड्याला जायला दुसरी जागा मिळू नये? ताईने जाडी मोजायचं माप काढलं. जोडण्याआधी किती लाकूड शिल्लक आहे ते बघायचंच असतं. तिने कडेपासून सुरुवात केली आणि डागापाशी आली. तिथे फळी पातळ होती. थोडीथोडकी नव्हे, पापडासारखी. दिव्यासमोर धरली तर डागाच्या भोवती तांबूस उजेड दिसत होता.

मागे कपाटात आणखी एक फळी होती, एका शाळेच्या व्हायोलिनची, तीही बाबांचीच, सरस वाळायला ठेवलेली. तिने ती काढली आणि मोजली. डागापाशी पातळ. बाकी सगळीकडे बाबांचा हात जसा असायचा तसा, आणि डागापाशी एकदम घसरलेला.

एवढी वर्षं तिने डाग पाहिला होता, पण डागाच्या भोवती मोजायचं कधी मनातच आलं नव्हतं. सही बघताना कागद किती जाड आहे हे कोण बघतं?

ती फळी हातात घेऊनच जिना चढली. आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती.

"आई, बाबा खिळा कुठे तापवायचे गं?"

"कसला खिळा?"

"डाग द्यायचा."

"माझ्या शेगडीवर, दुसरीकडे कुठे," आई म्हणाली. "दूध उतू गेलं तरी चालेल पण यांचा खिळा आधी. खिळा घेऊन वर आले, की मी ओळखायचे, आज काहीतरी बिनसलं. मग मी आपली गप्प बसायचे. बोलून उपयोग नसायचा, दोन दिवस जेवणावर लक्ष नसायचं."

"बिनसलं म्हणजे?"

"म्हणजे रंधा जास्त चालला. लाकूड गेलं ते गेलं, परत चिकटवता येतं का? फळी टाकून द्यायची तर एवढं लाकूड वाया. मग तिथे डाग द्यायचे. पुढे दुरुस्तीला कोणी उघडलं, तर त्याने या जागेला हात लावू नये, आणखी घासू नये म्हणून." आईने शेंगेतला किडका दाणा बाजूला टाकला. "तुला नाही सांगितलं त्यांनी?"

"नाही."

"मला तरी कुठे सांगितलं? मी विचारलं म्हणून कळलं."

ताई तिथल्याच स्टुलावर बसली. आता सगळं लख्ख दिसत होतं, आणि दिसू नये असं वाटत होतं. दुरुस्तीच्या दुकानात येतं कोण? जे बिघडतं ते. आणि बिघडतं कुठलं? जे पातळ असतं ते. दवाखान्यात बसून पाहिलं तर सगळं गावच खोकतंय असं वाटतं. बाबांची जी व्हायोलिनं ठीक जमली होती, ती आपापल्या घरी सुखाने वाजत होती. ती कधी तिच्या टेबलावर आलीच नाहीत. आली ती आता, दाखला मागायला, आणि तिने त्यांना एकामागून एक दारातून परत पाठवलं होतं. त्यांतली काही खरोखर खोटी असतील. पण सगळी?

आणि बाळचं?

डाग नाही म्हणून ते बाबांचं नव्हे, हे आता खोटं पडलं होतं. पण डाग नाही म्हणून ते बाबांचं, असंही थोडंच होतं? तो निळा रंग तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"आई, बाबांनी कधी रंगवलेलं लाकूड वापरलं होतं का? निळा रंग?"

"निळा?" आईचा हात थांबला. "निळा तर आपला पाळणा."

"कुठला पाळणा?"

"पोटमाळ्यावर आहे तो. गोधड्या कशात ठेवल्यात मी? तुम्ही दोघं झोपायचात त्यात. बाळ मावेनासा झाला, तेव्हा मी म्हटलं, कोणाला तरी देऊन टाकू. देते कुठली! सकाळी बघते तर एक पाय गायब, आणि त्या जागी नुसतंच कोरं लाकूड ठोकलेलं. विचारलं, तर म्हणाले, लागत होता."

ताई शिडी लावून पोटमाळ्यावर गेली. गोधड्या बाजूला सारल्या. तीन पाय निळे, एक कोरा. निळा तोच, जरा हिरव्याकडे झुकणारा, तिने आरशात पाहिलेला. तिने नखाने कोपऱ्यात खरवडलं. खाली लाकूड हलकं आणि सरळ रेषांचं होतं, आतल्या ठोकळ्यांना हवं असतं तसंच. ठोकळा चारी बाजूंनी तासायचा असतो. आपल्या बाबांनी एका बाजूला रंगाची पट्टी विसरून ठेवली, असं म्हणणाऱ्याला बाबा माहीतच नव्हते. ती पट्टी ठेवली होती. आयुष्यभरात त्यांनी मुद्दाम ठेवलेली खूण ही एवढीच असेल, आणि ती बघून ताईने कारखान्यातलं मोडकं सामान म्हटलं होतं.

पोटमाळ्यावर ती जरा रडली. मग नाक पुसून खाली स्वयंपाकघरात आली.

खाली आल्यावर तिने जे केलं, ते न करता राहवलं नसतं कोणालाच. तिने स्वतःचं व्हायोलिन काढलं. ते तिला बाबांनी दिलेलं, ती लहान असताना केलेलं. त्याच्या पोटात काय आहे हे तिला पाठ होतं, तरी तिने आरसा घातला. डाग होता. शेजारी दुसरा होता. दोन डाग असलेलं बाबांचं व्हायोलिन अख्ख्या शहरात हे एकच, हे तिने कितीतरी जणांना ऐटीत सांगितलं होतं. एक सही सगळ्यांना, लेकीला दोन, असं. म्हणजे सगळ्यात जास्त बिघडलेलं तिला मिळालं होतं, आणि सगळ्यात चांगलं बाळला. तिला भावाचा हेवा वाटला. या वयात वाटला, आणि वाटल्याची लाजही वाटली.

"एवढं काय बघतेस त्यात?" आई म्हणाली.

"माझं करताना दोनदा चुकलं त्यांचं."

"चुकेल नाहीतर काय!" आई म्हणाली. "तू रांगायला लागली होतीस. मी म्हणायचे, तिला वर ठेवा माझ्यापाशी, तिथे पटाश्या, सुऱ्या. ऐकतील तर ना. मांडीवर घेऊन बसायचे. एका हाताने तुला धरायचं आणि दुसऱ्या हाताने रंधा. तू काही बोललीस की मान तुझ्याकडे. दोनदाच चुकलं, हेच नशीब."

ताईने व्हायोलिन पेटीत ठेवलं, आरसा खिशात टाकला आणि जिना उतरली.

सभागृहात ती आधी व्यवस्थापकांकडे गेली. खोलीतली सगळी व्हायोलिनं बाबांचीच आहेत, तिने सांगितलं, पण ज्यांना मी नाही म्हटलं त्या सगळ्यांना परत बोलवा, माझी चूक झालीय. डाग कशाचा, तेही सांगितलं. व्यवस्थापक डोकं धरून बसले. बँकेतल्या साहेबांना कोण सांगणार, असं ते दोनदा म्हणाले.

"मी सांगेन," ताई म्हणाली. "त्यांच्याच फळीवर तर कळलं."

"मग आता खूण काय धरायची?"

"खूण नाही. बसून प्रत्येकाचं काम बघावं लागेल."

बाळ तालमीच्या खोलीत एकटाच होता. बाकीचे चहाला गेले होते. मागच्या खुर्चीवर बसून तो गजाला राळ लावत होता. ताईला बघून त्याने राळ लावणं थांबवलं नाही.

"बाबांचंच आहे ते," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "तुझं."

"आता झालं का? वर्षानं?"

"माझं चुकलं, बाळ."

"मला तुझा दाखला नकोय, ताई. मी वाजवतोय ना, तेवढं पुरे."

तिने वाद घातला नाही. स्वतःची पेटी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर उघडली, व्हायोलिन त्याच्या मांडीवर ठेवलं आणि आरसा पुढे केला. "बघ."

बाळने इच्छा नसल्यासारखं पाहिलं. "डाग आहेत. दोन. ते तर तू सगळ्या जगाला सांगितलंयस."

मग तिने त्याला डाग म्हणजे काय ते सांगितलं. शेगडी, खिळा, पातळ फळी, सगळं. बाळ ऐकत राहिला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू यायला लागलं, वर्षभर दाबून ठेवलेलं, आणि त्यात थोडा दुष्टपणाही होता. ताईने ते येऊ दिलं. तेवढा त्याचा हक्क होता.

"म्हणजे तुझं बिघडलेलं."

"हो. आणि तुझ्यात एकही डाग नाही. कुठेच हात घसरला नाही त्यांचा."

"आणि तुझ्यात कसा घसरला?"

"आई म्हणते, मी मांडीवर असायचे. माझ्याकडे बघताना जायचा म्हणे रंधा."

बाळचं हसू गेलं. त्याने तिच्या व्हायोलिनकडे पाहिलं, मग स्वतःच्या व्हायोलिनकडे. "मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही कधी," तो म्हणाला. "दारात उभं राहायचो. पाठ दिसायची त्यांची. आवाज केला की म्हणायचे, जा, आईकडे जा."

ताईमुळेच दोनदा चुकलं होतं, त्यामुळेच पुढे लहान मुलांना दुकानात मज्जाव झाला असणार. एवढं निर्दोष काम करायला बाबांना दार बंद करावं लागलं होतं. हे तिला आत्ता, इथे उभ्याउभ्या कळलं, आणि बाळला तिच्या आधी कळलेलं दिसलं.

तिने त्याचं व्हायोलिन उचललं आणि आरसा खालच्या कोपऱ्याशी धरून त्याच्यापुढे केला. "तो निळा रंग आपल्या पाळण्याचा आहे. एक पाय काढला होता त्यांनी, तुला तो लहान झाला तेव्हा. मी आत्ता पोटमाळ्यावर जाऊन बघून आले."

बाळने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या व्हायोलिनच्या आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाहेर लोक चहा पिऊन परत यायला लागले होते, खुर्च्या सरकत होत्या. त्याने आरसा पुसून तिला परत दिला आणि डोळे बाहीने पुसले.

"रविवारी येतो, म्हणावं आईला," तो म्हणाला.

ताईने मान हलवली आणि आपलं व्हायोलिन पेटीत ठेवायला घेतलं. त्याने तिचा हात धरून ते जरा थांबवलं.

"तुझं कधी उघडावं लागलं, तर त्या दोन डागांना हात लावू नकोस, ताई."

"लावायचा नसतोच," ती म्हणाली. "त्यासाठीच तर दिलेत."